आयशाबीचा अशुद्ध अर्ज

तिसऱ्यांदा अर्ज परत आला तेव्हा आयशाबीनं तो उघडूनही पाहिला नाही. आत लाल रेघा असणार हे तिला ठाऊक होतं. घडी तशीच पिशवीत टाकली, आधीचे दोन कागदही घेतले आणि सकाळच्या मोटारीनं दारव्हा गाठलं.

मागणी एवढीशी होती. दिग्रसच्या उर्दू मुलींच्या शाळेची ती एकटी मास्तरीण. आवारातल्या विहिरीचा कठडा श्रावणात ढासळून आत गेला, आणि त्याच विहिरीवर त्रेचाळीस पोरी पाणी काढत. एक दिवस जुबैदा नावाची आठ वर्षांची पोर बादलीच्या ओढीनं पुढं गेली. आयशाबीनं वेणी धरून तिला मागं खेचलं म्हणून ती वाचली. तेव्हापासून रोज मधल्या सुटीत आयशाबी काठावर पहारा करायची. भाकरीही तिथंच, उभ्यानं खायची.

सत्तावन्न साल होतं. वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं आणि दारव्ह्याच्या कचेरीत मद्रासकडचा इंजिनिअर येऊन बसला. त्याला ना मराठी, ना हिंदी. म्हणून बांधकामाचे अर्ज इंग्रजीत द्यायचे, आणि ते आधी बडे बाबूंच्या टेबलावरून जायचे.

बडे बाबू म्हणजे हेडक्लार्क विठ्ठलराव. त्यांच्याजवळ शुद्ध इंग्रजी कसं लिहावं याचं एक जाडजूड पुस्तक होतं, कुण्या गोऱ्या साहेबानं जाताना दिलेलं. दसऱ्याला दौतीबरोबर त्याचीही पूजा व्हायची, खाकी वेष्टणावर कुंकवाची बोटं दिसायची. आलेला प्रत्येक अर्ज बाबू त्या पुस्तकाशी ताडून पाहत, चुकांखाली लाल रेघा ओढत, शिक्का आणि तारीख मारून परत पाठवत. त्याआधी चहाच्या वेळी चुका मोठ्यानं वाचून दाखवत आणि सगळी कचेरी पोट धरून हसे. बाबू मनानं वाईट नव्हते असं म्हणायची पद्धत आहे. पण ज्याला चहाबरोबर रोज कुणाची तरी फजिती लागते, त्याला चांगलं तरी कोणत्या तोंडानं म्हणावं?

पहिला अर्ज परत आला तेव्हा आयशाबी लाजली होती. कापसाच्या जिनिंगमध्ये मिस्त्री असलेल्या नासिरनं, तिच्या धाकट्या भावानं, यवतमाळहून तसलंच एक पुस्तक आणून दिलं. तिनं ते इमानेइतबारे पाठ केलं. लॉर्डसाहेबाला चहाला कसं बोलवावं, त्याच्या मेहुण्याच्या निधनाचं दुःख कोणत्या शब्दांत कळवावं, सगळं त्यात होतं. पडलेल्या कठड्याचं कुठंच नव्हतं. दुसऱ्या अर्जात तिनं नम्रतेचे सहा शब्द घातले, तिसऱ्यात अकरा. वीट मात्र एकही हलली नाही, आणि आता तिची लाज संपून संताप उरला होता.

ती कचेरीत शिरली ती नेमकी चहाच्या वेळी. बाबूंनी चष्म्यावरून पाहिलं. "या मास्तरीनबाई. आज काय नवीन चुका आनल्या?"

दोन-तीन कारकून आधीच हसू लागले.

आयशाबीनं तिन्ही कागद टेबलावर ओळीनं मांडले आणि वर तळहात दाबून धरला. "नवीन काही नाही आनलं, बडे बाबू. हेच तीन हायेत. तीनही तुम्ही वाचले ना?"

"वाचले म्हंजे? शब्द न् शब्द तपासला! एकतीस चुका निघाल्या."

"मंग सांगा, मी काय मागून राह्यली?"

बाबूंनी कागदाकडे हात नेला. तिनं तळहात उचलला नाही.

"असं नाही. न पाहता सांगा. तीन महिने झाले, तीन डाव तुम्ही वाचलं. मले काय पाहिजे?"

बाबूंचे ओठ हलले. "शाळेचं... काहीतरी... बाकांचं होतं बहुतेक." त्यांनी कारकुनांकडे पाहिलं. कारकुनांनी कपात पाहिलं. त्यांना चुका तोंडपाठ होत्या, मागणी एकालाही आठवेना.

दाराशी किटली घेऊन उभा असलेला बळीराम चपराशी खाकरला. त्याला अक्षरओळख नव्हती. "विहिरीचा कठडा पडला ना जी त्यायचा. पोरगी जात होती आत. पयल्याच दिवशी सांगितलं होतं बाईनं मले."

रोजचा हशा ऐकू आला नाही म्हणून असेल, आतल्या खोलीतून इंजिनिअर साहेब बाहेर आले. बाबू धडपडत उठले, पुढं झाले, पण आयशाबी त्यांच्याही पुढं गेली. पाठ केलेले अकरा नम्र शब्द तिला आठवत होते आणि तिनं त्यांतला एकही उच्चारला नाही.

"स्कूल वेल," ती साहेबांच्या डोळ्यांत पाहून म्हणाली. "वॉल फॉल. फॉर्टीथ्री गर्ल. यू कम. यू सी. टुडे."

साहेबांना एकही शब्द अडला नाही. त्यांनी तिन्ही कागद उचलले, तीन शिक्क्यांवरच्या तीन तारखा पाहिल्या, मग बाबूंकडे पाहिलं आणि टोपी घेतली.

दहाव्या दिवशी कठडा उभा राहिला. गवंडी गिलावा करून हात धुवायला गेला तेव्हा आयशाबीनं खिळा घेतला आणि ओल्या सिमेंटवर पहिल्या अर्जाचं, कठडा पडल्याचं सांगणारं पहिलं वाक्य मोठ्या इंग्रजी अक्षरांत कोरलं, चुकांसकट, जसंच्या तसं. पोरी भोवती कोंडाळं करून पाहत होत्या.

"आपा, ये तो गलत है ना?" जुबैदानं विचारलं. बाईंची फजिती तिच्याही कानावर आली होती.

"हाँ, गलत है," आयशाबी म्हणाली. "रहने दो."

पुढच्या आठवड्यात साहेबांबरोबर बडे बाबू काम तपासायला आले. कठड्यापुढं वाकून त्यांनी ते वाक्य वाचलं. सवयीनं हात खिशाकडे गेला, लाल पेन्सिल अर्धी बाहेर आली. सिमेंट कधीच वाळलं होतं. आयशाबी समोरच उभी होती, आणि त्रेचाळीस पोरी. बाबूंनी पेन्सिल खिशात ठेवली आणि ते वाक्य पुन्हा एकदा, या वेळी चुका न मोजता, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलं.