नेचा कमरेला लागला की

मित्रांनो, मी एक जुना स्प्रूस वृक्ष आहे, आणि माझे काम समजले तर तुम्ही माझ्या सावलीत डबा उघडायला बसणार नाही. मेलेल्या माणसांना घरी जाऊ द्यायचे नाही, हे माझे काम. मी ते मागून घेतलेले नाही. फिनलंडच्या सावो प्रांतात, चर्चच्या वाटेवरच्या दलदलीत, शवपेटी टेकवून दम खाण्याजोगा एकच उंचवटा होता. नेमका तिथे मी उगवलो.

लोक थांबत, घोटभर दारू घेत, माझ्या खालच्या फांद्या छाटत आणि खोडावर क्रूस व मेलेल्याचे नाव कोरत. मेलेला घरच्या ओढीने परत निघालाच तर माझ्यापाशी येऊन स्वतःचे नाव वाचतो, आपण मेलो आहोत हे त्याला आठवते आणि तो निमूट मागे फिरतो. अशी पुष्कळ माणसे मी फिरवली. एक म्हातारा तेवढा हुज्जत घालत होता, काठी घरी राहिली म्हणून.

गाव मला भीत असे. अल्व्हीना मात्र भीत नसे. दलदलीच्या पलीकडे तिचे घर, आणि दलदलही तिच्याच मालकीची. नवरा लवकर गेला, त्याचे नाव माझ्या अंगावर आहे. उरला एक मुलगा, एमेली. घरातून सुटला की पोरगा थेट दलदलीत शिरे, म्हणून तिने त्याला घरची वाट झाडापाल्यावरून शिकवली होती. जाता-येता दोघे ती मोठ्याने म्हणत:

"बुटके पाइन दिसले?"

"वाट चुकलो. मागे फिरायचं."

"घोड्याच्या शेपटीसारखं हिरवं गवत?"

"बरोबर चाललोय."

"पांढऱ्या फुलांचं डबकं?"

"उजवीकडे ठेवायचं."

"आणि नेचा कमरेला लागला की?"

"हाक मारायची! तू दारात असशील!"

मित्रांनो, तुम्हाला दलदल म्हणजे नुसता चिखल वाटेल. आमच्याकडे तसे म्हणून पाहा, कोणी दुसऱ्यांदा कॉफी विचारणार नाही. जिथे पाइन वाढ खुंटल्यासारखे उभे असतात ती रॅमे, भुकेली दलदल. जिथे झाडच नाही, नुसते पाणी आणि वारा, ती नेवा. आणि जिथे माझ्यासारखे स्प्रूस दाटीने उभे राहतात, खाली शेवाळाची गादी असते आणि पावलागणिक पाला बदलतो, ती कोर्पी. पांढऱ्या फुलाची ती वनस्पती तुमच्या अळूच्या भावकीतली. कच्ची खाल्ली तर घसा खाजवेल, पण दुष्काळात तिच्याच कंदाच्या पिठाने लोक जगले. विद्वानांनी या सगळ्याचे वर्ग पाडले ते पुस्तकासाठी. अल्व्हीनाने पाडले ते पोरगा जेवायच्या वेळी घरी यावा म्हणून.

मग युद्ध आले आणि एमेली पूर्वेच्या सीमेवर गेला. गावातले बाकीचे पेटीतून का होईना परत आले. एमेली आलाच नाही. शोधूनही सापडला नाही, एवढेच कळले. शेजाऱ्यांनी अल्व्हीनाला समजावले, की निदान झाडावर नाव तरी कोर.

"कोरलं आणि पोरगं आलं तर?" ती म्हणाली. "दारापर्यंत येऊन स्वतःचं नाव वाचून मागे फिरायचं त्याने? चाकू घरातच बरा."

ती दर उन्हाळ्यात माझ्यापाशी येई. नेचा किती वाढला ते कमरेला लावून बघे आणि जाई. तिचे केस पांढरे झाले तरी तिने माझ्यावर चाकू टेकवला नाही.

एका उन्हाळ्यात टाउनो नावाचा जंगलसाहेब आला. पोरसवदा, गोड बोलणारा, काखेत नकाशा.

"मालकीणबाई, कशी आहे तुमची दलदल?"

"दलदलीसारखी. पाय घातला की बूट ठेवून घेते."

तो हसला. "बुटके पाइनच असतील तर नकाशावर पडीक म्हणून रंगवतो."

पडीक! म्हातारीला तो शब्द झोंबला. पडीक जमिनी सुधारणार, असे तिने रेडिओवर ऐकले होते. पडीक ठरली की खणणार, असे तिने मनाशी धरले. आणि मग, मित्रांनो, तिने जन्मात केले नव्हते ते केले. आमच्याकडे आपल्या वस्तूची स्तुती आपण करत नाही. स्वतःच्या हातची भाकरीसुद्धा 'जळकीच आहे, घ्या' म्हणून वाढतात. पण त्या दिवशी अल्व्हीना साहेबाला हाताला धरून दलदलीत घेऊन आली आणि ज्या क्रमाने पोराला शिकवले होते त्याच क्रमाने सगळे दाखवत सुटली. हे शेपटीचे गवत बघा. हे डबके, ही पांढरी फुले. हा नेचा बघा, तुमच्या कमरेच्या वर जातो. असला नेचा राजाच्या बागेत नसेल!

टाउनोचे डोळे चमकले. त्यात लबाडी नव्हती, हे मी सांगू शकतो. "अशी श्रीमंत कोर्पी मी या भागात बघितलीच नव्हती," तो म्हणाला. "हिला पहिला वर्ग!"

म्हातारी लाजली. "मग आता पुढे काय, असं विचारावं की विचारू नये?"

"पुढे कामाला लागायचं!"

आमचा सावोचा माणूस सरळ विचारत नाही आणि सरळ सांगत नाही. बोलणारा बोलून मोकळा होतो, अर्थाची जबाबदारी ऐकणाऱ्यावर. अल्व्हीनाने त्याला कॉफीचा दुसरा कप दिला आणि दलदल वाचली म्हणून त्या संध्याकाळी गाणे गुणगुणले. मला ते गाणे अजून आठवते आणि अजून त्रास देते.

बर्फ वितळल्यावर खोदयंत्र आले. चालवणारा शेजारच्या वाडीतला ओइवा. म्हातारी पायातले बूट सावरत धावत आली.

"अरे थांब! पहिला वर्ग दिलाय साहेबाने!"

"म्हणून तर पहिल्यांदा इथे आलो, मावशी. तुमचा होकार आहे, असं साहेब म्हणाला." ओइवाने यंत्र बंद केले. "नेचा जितका उंच, तितकी खालची माती सकस. चर खणून पाणी काढलं की लाकूड भराभरा वाढतं. बुटक्या पाइनची भुकेली दलदल खणून कोणाचं पोट भरणार? ती सोडून दिली."

अल्व्हीनाचे ओठ हलत होते. बुटके पाइन, शेपटीचे गवत, पांढऱ्या फुलांचे डबके.

ओइवाने मला पाहून टोपी काढली. "याला मी हात लावणार नाही. माझा काका आहे याच्यावर." त्याने चर माझ्याभोवती वळवून नेला. अशा रीतीने मी वाचलो. मला त्याचा आनंद झाला नाही.

आधी डबके आटले. मग शेवाळ पिवळे पडले, चुरचुरू लागले. नेचे काही उन्हाळे तग धरून होते. दर वर्षी ते थोडे खुजे उगवत, आणि म्हातारी येऊन पाहायची, कमरेला नाही, गुडघ्याला, मग घोट्याला. जमीन खचली आणि माझी मुळे उघडी पडली.

एका शरदात ती चाकू घेऊन आली. खूप वेळ माझ्या खोडाला कपाळ टेकून उभी राहिली.

"एमेली," ती म्हणाली, "मीच तुझी वाट दाखवून दिली रे त्याला. आता तुला घर सापडायचं नाही. या चरांतून भटकत राहण्यापेक्षा मागे फिर बाळा."

तिने नाव कोरले.

आणि तो आला. त्या शरदातच, धुक्यातून, चराच्या कडेने चाचपडत. हात कमरेशी पसरलेले, नेचा लागतो का ते बघत. माझ्यापाशी थांबला. अक्षरांवरून बोट फिरवले. आईचे अक्षर ओळखले असावे, कारण त्याने शाळकरी पोरासारखी मान हलवली. आणि हाक न मारता मागे फिरला.

पुढे अल्व्हीनाही गेली. तिला नव्या सडकेने मोटारीतून नेले. माझ्यापाशी कोणी थांबले नाही, तिचे नाव कोणी कोरले नाही. त्यामुळे तिला मी अडवत नाही; ती खुशाल घरी जाऊ शकते. पण ती जात नाही. नेचे उलगडायच्या दिवसांत दोघे येतात. ती म्हणत असते, "शेपटीचं गवत?" तो इकडे-तिकडे गवत शोधत राहतो. माझ्यापर्यंत आले की तो नाव वाचून थांबतो, आणि पोरासाठी तीही इथेच थांबते.

मित्रांनो, मी माझे काम आजवर इमानाने केले. पण हे एक नाव मला पेलत नाही. म्हणून मी त्या अक्षरांवर राळ सोडू लागलो आहे. थेंब थेंब, दर उन्हाळ्यात. अर्धे नाव झाकले गेले आहे, अर्धे अजून वाचता येते. ते पुरते झाकले गेले तरी उपयोग काय? पाणी परतल्याशिवाय नेचा कमरेला लागायचा नाही, आणि नेचा लागल्याशिवाय तो हाक मारणार नाही.

नाव बुजवायचे काम मी करतो आहे. चर बुजवायचे काम तुमचे.