ताईच्या वाफ्याला पाणी

"थांबा हं जरा, मासा लागलाय."

गिऱ्हाईक पँट न्यायला आलं होतं. टेलरबाईंनी एका हाताने पँट पुढे सरकवली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने फोनवरचा गळ हलकेच ओढत राहिल्या. मासा सुटला. "गेला," त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावर तो सुटल्याचाच आनंद पसरला.

"तुम्हाला मासे पकडायचेत की सोडायचेत?" गिऱ्हाइकाने विचारलं.

"पाण्याकाठी बसायला मिळतं, तेवढ्यासाठी खेळते. मासा आपला मध्येच येतो."

बाईंच्या फोनमध्ये लेक नवे नवे खेळ टाकून द्यायची. बाई सगळे खेळायच्या, पण जिंकायच्या भानगडीत कधी पडायच्या नाहीत. गाड्यांच्या शर्यतीत त्या रस्त्याच्या कडेकडेने चालवायच्या आणि मागच्यांना वाट द्यायच्या. "जाऊ दे की त्यांना, घाई दिसतेय." रंगीत गोळ्या फोडायचा खेळ त्यांना बटणांच्या डब्यासारखा वाटायचा, हात घातला की बरं वाटणारा. खड्ड्यांवरून उड्या मारणारा एक टोपीवाला होता, तो त्यांनी चार दिवसांत काढायला लावला. "किती वेळा पाडायचं एका माणसाला?" आणि लढाईच्या खेळात त्या एका घरात शिरून पडदे बघत उभ्या राहिल्या, तेवढ्यात पाठीत गोळी लागली. लेक हसून हसून लोळली. बाई म्हणाल्या, "कापड चांगलं होतं गं. पण खालची पट्टी नीट दुमडली नव्हती."

जीव मात्र एकाच खेळात होता. तो शेतीचा.

त्या खेळाची रीत न्यारी होती. आपल्या वाफ्याला आपलं पाणी चालायचं नाही. शेजाऱ्यानेच येऊन घालायचं. या खेळात बाईंची शेजारीण म्हणजे त्यांची थोरली बहीण, दूर आपल्या घरी बसून खेळणारी. इस्पितळात आयुष्यभर नर्स होती, म्हणून खेळातली तिची बाहुली पांढऱ्या टोपीची. ही बाहुली रोज सकाळी कुंपण ओलांडून यायची आणि धाकटीच्या गाजरांवर झारी धरायची. बाई मशीनला तेल घालता घालता गुणगुणायच्या:

*माझ्या गं वाफ्यावरी ताईच्या झारीची धार,*
*मातीच्या पोटामधी गाजराला आला भार.*

दोघी एकमेकींशी बोलत मात्र नव्हत्या.

ताई निवृत्त झाली तेव्हा धाकटीने तिला कोट शिवून दिला होता. निरोपाच्या कार्यक्रमात फुलांचा गुच्छ पुढे आला, आणि ताई भरसभेत म्हणाली, "जरा खालून द्या हो. हात वर जात नाही. आमच्या धाकटीने शिवलाय." सभागृह खो खो हसलं. त्यात बाईंची निम्मी गिऱ्हाइकं बसली होती.

"हात वर जात नाही म्हणे," बाई घरी येऊन धुमसल्या. "माझ्या शिवणीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही."

तेव्हापासून फोन बंद. पाणी चालू.

"तुमचं भांडण आहे ना?" लेक विचारायची.

"ताईशी आहे. गाजरांनी कुणाचं काय घोडं मारलंय?"

खरं तर ओले वाफे म्हणजे खुशालीचा निरोप होता. पाणी पडलं, म्हणजे ताई उठली. तिला चष्मा सापडला. गुडघा फार दुखत नसावा.

आणि एका गुरुवारी फोनवर पाटी आली: हा खेळ येत्या रविवारी संध्याकाळी कायमचा बंद होत आहे. आपल्या प्रेमाबद्दल आभार.

"आभार कसले मानतात मेले," बाई म्हणाल्या. त्या दिवशी त्यांच्याकडून एका शर्टाला दोन डाव्या बाह्या लागल्या.

"आता मावशीची खबर कशी कळणार तुला?" लेकीने नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "कर की फोन."

"तिने करावा. थोरली आहे."

रविवारी सकाळी बाईंनी खेळ उघडला. वाफे कोरडे. गाजरांची पानं मलूल पडलेली. कुंपणापाशी पांढरी टोपी नव्हती. बाईंनी आपली झारी उचलली, ताईच्या वाफ्याला पाणी घातलं आणि वाट बघितली. मग मान-अपमान मशीनखाली सारून त्यांनी फोन लावला. ताईचा फोन बंद होता.

"लेकी, दुकान बघ," म्हणत त्यांनी टेप गळ्यात होता तसाच ठेवून बस पकडली.

दार ताईनेच उघडलं. केस विस्कटलेले, चेहरा लाल, आणि एक हात कोटाच्या बाहीत अर्ध्यावर अडकलेला. तोच कोट.

"तुझी गाजरं वाळली असतील ना गं?" ताईचा पहिला प्रश्न.

"गाजरं गेली खड्ड्यात. फोन का बंद तुझा?"

"काल बादलीत पडला. आता तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. नंबर सगळे त्याच्यातच. म्हटलं, आज खेळ बंद व्हायचा, ठमे, तुझे वाफे तसेच राहायचे. तुझ्याकडेच निघाले होते." ताईने अडकलेला हात पुढे केला. "तूच शिवलेला घालून यावं म्हटलं, तर हा आत जाईना की बाहेर येईना. आधी मला सोडव, ठमे. मग काय भांडायचं ते भांड."

बाईंनी तिला सोडवलं. कोट उलटा करून बघितला. बाहीच्या मुंढ्याची शिवण सरळ होती, टाका बारीक होता, खोट काढायला जागा नव्हती. मग त्यांनी ताईकडे बघितलं, आणि बऱ्याच दिवसांनी नीट बघितलं. माणसांना खाटेवरून उचलून उचलून ताईचा उजवा खांदा जाड होऊन पुढे आला होता. पाठीला बाक आला होता.

"मी तुझं माप घेतलं होतं का गं तेव्हा?"

"कुठलं? मी म्हटलं, घे. तू म्हणालीस, बहिणीचं माप कशाला घ्यायचं, तोंडपाठ आहे."

बाई खाली बसल्या. तोंडपाठ होतं ते माप ताईच्या लग्नातलं होतं.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. सगळ्यांसमोर." ताई हसली. "थोडं जास्तच सांगितलं."

बाईही हसल्या. दोघींनी चहा केला. सोफ्यावर एकमेकींना लागून बसल्या आणि संध्याकाळ होईपर्यंत धाकटीच्या फोनवरचं शेत बघत राहिल्या. ताईची गाजरं टवटवीत होती. धाकटीच्या गाजरांना पाणी घालणारी शेजारीण तांदळाच्या डब्यात होती, त्यामुळे ती तशीच वाळत गेली.

"वाईट वाटतंय गं," ताई म्हणाली.

"राहू दे. ऊठ, उभी राहा. हात वर कर."

"एवढाच जातो."

"एवढाच हवाय."

बाईंनी गळ्यातला टेप काढला. मुंढ्यावरून, त्या जाड खांद्यावरून, वाकल्या पाठीवरून तो सावकाश फिरवला. मागे टेबलावर फोनमधलं शेत दिसेनासं झालं. कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं. ताई हात जमेल तेवढा वर धरून, लहान मुलीसारखी निमूट उभी होती.