तारे बघायला काढलेली बाज

मित्रांनो, हल्ली मला कोणी ओळखत नाही, म्हणून मीच सांगते. मी एक जुनी बाज आहे. जाफराबादच्या सुताराने मला बाभळीचे पाय दिले आणि घरधनी भागवतअण्णांनी अंबाडीच्या सुंभाने विणलं. विणलं असं, की टेकलेला पाहुणा उठायचं नाव घेत नसे. बाळंतिणींनी माझ्यावर शेक घेतला, मिरच्या माझ्यावर वाळल्या. माझा तोरा काही विचारू नका.

पुढे अण्णांना दम्याने गाठलं. डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ते अंगणात माझ्यावर गोधडी पांघरून पडले होते. त्यांच्या बायकोने, सगुणाबाईंनी, बोटाने आभाळ दाखवलं. "अहो, तारा तुटला, पाह्यला का?" त्यांनी पाहिला. पहाटे ते उठलेच नाहीत.

आमच्याकडे म्हणतात, तारा तुटला की माणूस जातं. तो कुणाला दाखवू नये. सगुणाबाईंनी ते जिवाला लावून घेतलं. आपण दाखवला म्हणूनच ते गेले, असं त्यांच्या मनाने घेतलं. मला गोठ्यात उलटं टाकलं, वर कडबा रचला. अंधार पडला की त्या मान वर करीत नसत. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू? पण त्यांचं तोंड पाहिलं की निवायचा.

गेल्या डिसेंबरात त्यांची लेक तृप्ती मंठ्याहून आली. ती तिथे शाळेत विज्ञान शिकवते. "उल्का पाहायला दुर्बीण न्हाई लागत, पाठ टेकायला बाज लागते," म्हणत तिने मला बाहेर ओढलं, झाडलं, पायथ्याची दोरी ताणली.

"ती नको गं बाई. आन् वर बी पाहू नको," सगुणाबाई दारातूनच म्हणाल्या.

तृप्ती पडल्यापडल्या म्हणाली, "आई, एकामागं एक पडून राह्यले. मंग सगळं गाव जायला पाह्यजे का न्हाई?"

"येवढे पडतात?"

"दरसाल, ह्याच दिवसांत. पृथ्वीच्या वाटंत धूळ येते, ती जळते. अण्णा गेले तवाबी पडत होते. कुणी पाहो न पाहो."

सगुणाबाई सावकाश आल्या, माझ्या कडेला टेकल्या. "मंग म्या दाखवला म्हणून न्हाई गेले ते?"

"बिलकुल न्हाई, आई. जाता जाता चांगलं काहीतरी दाखवलंस तू त्यांना."

त्या आडव्या झाल्या, हमसून रडल्या आणि मग कितीतरी वेळ वर पाहत राहिल्या. इतक्या वर्षांनी माझ्यावर माणसाचं वजन आलं. तृप्तीचे, आभाळातल्या त्या धुळीचेही मी उपकार मानते.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाच. पण मला भुंगा लागला तर खाली भुसा पडतो, दिसतो. माणसाचं तसं नसतं. त्याला जवळ बसून विचारावं लागतं.