उशी धरणारा माणूस

"बाबा, उशी ढिली कावून धरता? तोंडासमोर धरा ना, घट्ट!"

मारोतरावांनी उशी उचलून नाकासमोर धरली आणि पाय रोवले. पलीकडे समीक्षाने कोपरं बरगड्यांशी घेतली, मुठी छातीच्या मधोमध आणल्या आणि सुटली. एक मूठ परत येते न येते तोच तिच्यावरून दुसरी, तिच्यामागून पुन्हा पहिली, सगळ्या एकाच सरळ रेषेत. हात मागे नेऊन जोर घ्यायचा नाही, मध्ये थांबायचं नाही, आणि ठोशागणिक एक पाऊल पुढे. श्वास घेईपर्यंत सात-आठ ठोसे बसले आणि मारोतराव मागे सरकत नळाच्या ओट्याला टेकले.

"अन् मंग?" त्यांनी उशीआडून विचारलं.

"मंग पळायचं. क्लासच्या मॅडमनं सांगतलं, पीछे मुड़के नहीं देखना."

"अन् मी सांगतो, कोण आहे ते बी पाहत बसू नको. मागून पाय वाजले का हात चालव."

"कापूस निघून राहिला त्या उशीचा," बेबीताई स्वयंपाकघरातून ओरडल्या. लेक व्यायाम करते एवढंच त्यांना माहीत होतं. खरं कारण बाप-लेकीनं त्यांच्या कानावर घातलं नव्हतं.

कारण होतं एक काळी मोटरसायकल. समीक्षा जामुलला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. संध्याकाळी बस कुरुदच्या वळणावर सोडायची, तिथून घरापर्यंत एका बंद गोदामाच्या भिंतीलगतचा रस्ता. तीन आठवड्यांपूर्वी त्या रस्त्यावर मोटरसायकल तिच्यामागे लागली. एकदा तर चालवणाऱ्यानं तिच्या ओढणीला हात घातला. मारोतराव नोकरी सोड म्हणाले. ती म्हणाली, "अन् घरी बसू? मी काय केलं?" मग ती दर रविवारी स्मृतिनगरला अनुजा मॅडमच्या स्वसंरक्षणाच्या क्लासला जाऊ लागली, पण एका अटीवर. बाबांनी तिला घ्यायला बसस्टॉपवर यायचं नाही.

मारोतरावांनी हो म्हटलं खरं, पण साडेसहाला, तिच्या बसच्या वेळी, ते घड्याळ बघत अंगणात येरझारा घालायचे. तेहतीस वर्षं पोलाद कारखान्यात कोक ओव्हनला, म्हणजे कोळसा भाजणाऱ्या भट्ट्यांवर, काढली होती त्यांनी. त्यांच्या गँगमध्ये गॅसच्या लाइनवर कोणी एकटा जात नसे. एक जण मास्क लावून काम करी, दुसरा दहा पावलांवर नुसता उभा राही आणि थोड्या थोड्या वेळानं ओरडे, "मी उभा आहो!" काम करणाऱ्याला मागे बघता येत नसे, त्याला त्या आवाजाचाच आधार. मारोतराव कितीदा तरी असे उभे राहिले होते. आगीची भीती त्यांना कधी वाटली नाही. आता मात्र घड्याळाची वाटायची.

गुरुवारी राहवेना. ट्रंकेतला जुना कोट चढवला, ओळखू येऊ नये म्हणून तोंडाला गमछा गुंडाळला आणि ते गोदामाच्या भिंतीशी जाऊन उभे राहिले. दिवस नुकताच मावळला होता. बस आली, समीक्षा उतरली, झपझप पुढून गेली. ते दहा पावलं मागे राहून चालू लागले. आवाज द्यायचा प्रश्नच नव्हता, अट मोडल्याचं कळलं असतं.

तेवढ्यात मागून मोटरसायकलचा आवाज आला. काही न सुचून ते पोरीकडे धावले. मोटरसायकल शेजारून निघून गेली, दुधाचे कॅन लावलेली. पण समीक्षा तोवर वळली होती.

पहिली मूठ नाकावर बसली. हाक मारायला तोंड उघडलं, त्यावर दुसरी. पुढच्या मोजता आल्या नाहीत. डोळ्यांसमोर काजवे चमकले, पाय मागे मागे गेले आणि ते नालीत बसले. "हट! हट!" समीक्षा किंचाळली आणि पळाली. तिनं एकदाही मागे पाहिलं नाही. शिकवलं होतं तस्संच.

गमछा रक्तानं भिजला होता. हातपंपावर तोंड धुऊन, गमछा पिळून कोटाच्या खिशात कोंबून ते अर्ध्या तासानं घरी पोचले.

"अवो, हे काय झालं?" बेबीताई धावल्या.

"नालीत पडलो. दिसलं नाही."

समीक्षानं त्यांचं नाक बर्फानं शेकलं आणि आई आत जाताच कानाशी वाकली. "बाबा, मारलं मी त्याले! आज पैदल आला होता, तोंड बांधून. पडला तो! आता नाही येत पुन्हा." तिचे डोळे चमकत होते. तीन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली होती. मारोतरावांनी बर्फ तिच्या हातून घेतला आणि स्वतःच नाकावर दाबून धरला.

सकाळी ते उशी घेऊन अंगणात आले तर ती सँडल घालत होती. "आज उशी नको बाबा. काम झालं ना आता." आणि तिनं पर्समधून इअरफोन काढून कानात घातले. मोटरसायकल मागे लागल्यापासून तिनं ते घालणं बंद केलं होतं.

मारोतरावांनी उशी खाली ठेवली. कानात गाणं असलं तर मागचे पाय कसे ऐकू येणार?

"समीक्षा, काढ ते. तो मी होतो."

"कोण?"

त्यांनी कूलरमागे वाळत टाकलेला गमछा आणून दाखवला. डाग पुरता गेला नव्हता. तिनं गमछ्याकडे पाहिलं, मग त्यांच्या सुजलेल्या नाकाकडे, आणि मटकन पायरीवर बसली.

"मी... तुमाले?"

"बरोबर मारलं तू. एक ठोसा वाकडा नाही गेला. चूक माही आहे. आवाज द्याले पायजे होता मी."

"मंग तो?"

"तो आहेच."

तिच्या चेहऱ्यावरचं कालचं हसू ओसरलं आणि मारोतरावांना स्वतःचाच राग आला. ती आपल्या हातांकडे पाहत होती. "आता नाही होत माझ्याच्यानं, बाबा. हात उचलला का तुमचंच तोंड दिसन मले."

याचीच त्यांना रात्रभर भीती होती.

त्यांनी उशी उचलली, सुजलेल्या नाकासमोर धरली आणि पाय रोवले. ती उठली की नाही, उशीआडून दिसत नव्हतं. बस यायला दहा मिनिटं होती.

"मी उभा आहो!" ते ओरडले. बेबीताई दारात येऊन बघू लागल्या. "समीक्षा, मी उभा आहो!"

बऱ्याच वेळानं एक मूठ उशीवर येऊन टेकली, जेमतेम. दुसरीची वाट पाहत ते तसेच उभे राहिले.