कारणाच्या रकान्यातला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडी, कडा झिजलेल्या. माझ्यावर एवढेच कोरले आहे: ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’. अक्षरे उलटी असल्यामुळे आपण काय बोलतो, हे मला कागदावर उमटल्यावरच कळायचे.

खरे सांगायचे तर माझा जन्म आळसातून झाला. नगर कार्यालयात मृत्यूची नोंद करणारे एक कारकून होते. घरी वारलेल्या माणसाची नोंद करायला नातेवाईक येत. ‘मृत्यूचे कारण’ हा रकाना कोरा ठेवायचा नाही, असा नियम होता. रडणाऱ्या माणसांना खोदून खोदून विचारणे कारकुनांच्या जिवावर यायचे. शेवटी हृदय प्रत्येकाचेच बंद पडते, असा विचार करून त्यांनी मला बनवून घेतले. ठप्प, की काम संपले. स्वच्छ नोंदवही पाहून साहेबांनी त्यांची पाठ थोपटली, तेव्हा माझ्याही अंगावर मूठभर मांस चढले.

गावाबाहेर दगड कापण्याचे कारखाने होते. तिथली माणसे पांढऱ्या भुवयांनी घरी परतायची, वर्षानुवर्षे खोकायची आणि चाळिशीतच जायची. त्यांच्या बायका रांगेत सांगू पाहायच्या, की ह्यांना चार शब्द बोलतानाही धाप लागायची. मी ऐकायचो. आणि ठप्प.

पुढे वरून विचारणा झाली, की तुमच्याकडे माणसे कशाने मरतात? कारकुनांनी वहीतले आकडे पाठवले. त्यावरून दवाखान्यात हृदय तपासायचे यंत्र आले. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! छातीचा फोटो काढायचे यंत्र काही मिळाले नाही, कारण आमच्या वहीप्रमाणे फुप्फुसाच्या आजाराने इथे कोणी मेलेच नव्हते.

कारकुनांचे थोरले भाऊ त्याच कारखान्यात होते. धाकट्याला शिकवायचे म्हणून ते सोळाव्या वर्षीच दगडाला लागले होते. खोकला वाढला तेव्हा यंत्राने सांगितले, हृदय ठणठणीत आहे. ते निर्धास्त होऊन पुन्हा कामावर गेले आणि दोन वर्षांत वारले.

वहिनी नोंदीला आल्या. कारकुनांनी सवयीने मला शाईच्या गादीवर टेकवले. तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, हृदय तर सगळ्यांचंच बंद पडतं. ह्यांचं कशानं पडलं, ते लिहा.”

मी हवेतच राहिलो. कारकुनांनी मला बाजूला ठेवले आणि पेनाने लिहिले, ‘दगडाच्या धुळीने फुप्फुसे निकामी’. मग ते मागची पाने उलटू लागले. पानोपानी मीच होतो. मला फार लाज वाटली.

त्या दिवसापासून ते प्रत्येकाला विचारून खरे कारण लिहू लागले आणि तेच आकडे वर पाठवू लागले. छातीचा फोटो काढायचे यंत्र आले, पण चार वर्षांनी. कारखान्यांत धूळ बसवायला पाण्याचे फवारेही लागले. तोवर आणखी एकोणतीस बायका त्या रांगेत उभ्या राहिल्या होत्या. मी आता खणात पडून असतो, आणि तेच बरे आहे.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कुठल्या तरी टेबलामागे बसाल. समोरचा माणूस रडत रडत काही सांगू लागला, तर घाई करू नका. ऐका, आणि खरे तेच लिहा. गेलेल्याला त्याचा काही उपयोग नसतो. पण त्याच्या शेजारी काम करणारा अजून खोकत असतो.