फुप्फुसाची दारं

"व्हिसा माझ्या सहीवर आहे, शरयू. पेपरवर नाव कुणाचं, ते मी बघतो."

बाल्टिमोरच्या लॅबमध्ये चहा ढवळत गुरुनाथ सर हे बोलले होते, अगदी मऊ आवाजात. तो मऊपणाच तिला इतकी वर्षं सलत होता. फुप्फुसाच्या पेशींना दारं असतात, दारात प्रथिनं उभी असतात आणि काही औषधांचा हात धरून ती त्यांना आत नेतात. तिनं हिवाळाभर जागून त्यातलं एक दार शोधलं. टाळ्या सरांना पडल्या.

आता ती जवळच्याच हर्नडन गावात होती आणि एका मोठ्या कंपनीसाठी, ट्रायलला पैसा देण्याआधी, दुसऱ्यांची औषधं पारखत होती. पारखायला आला तो नेमका सरांचाच दम्यावरचा नवा पंप. सरांचा दावा असा, की आमच्या औषधाला दार लागतच नाही. दार अडवून पाहिलं तरी ते तेवढंच आत जातं. तेव्हा त्या दारानं जाणारा आपला जुना पंप रुग्णानं सोबत घेतला तरी चालेल.

शरयूनं पेशींचे फोटो पाहिले आणि तिला हसू फुटलं. साऱ्या गुलाबी द्रवात बुडालेल्या. श्वासनलिकेच्या पेशींना खालून अन्न आणि वरून मोकळी हवा द्यावी लागते. तेव्हा कुठे त्या अंग धरतात, त्यांना दारं फुटतात. त्याला धीर लागतो, आणि सरांना कायमची घाई. जिथं दारच नाही, तिथं अडवलं काय नि सोडलं काय! खऱ्या छातीत मात्र दोन्ही औषधं एकाच दारावर रेटारेटी करणार, आणि धाप लागलेल्या माणसाला वाटणार, पंप घेतला तरी श्वास का येत नाही?

सोमवारी सरांचा फोन आला. विसरलीस का गं म्हाताऱ्याला, म्हणाले. मग हळूच विचारलं, डेटात काही खटकतंय का. ती म्हणाली, छान आहे सर.

केदारनं, तिच्या नवऱ्यानं, ते ऐकलं. सांगून टाक ना यार, उद्या रुग्णांवर ट्रायल सुरू झाली म्हणजे? असं तो म्हणाला.

"आत्ता सांगितलं तर गुपचूप दुरुस्त करतील, आणि पुन्हा स्वतःचं नाव लावतील. ट्रायल मी सुरू होऊ देणार नाही. पण थांबवीन ती भर मीटिंगमध्ये."

मीटिंगमध्ये सरांनी तिची ओळख करून दिली. ही माझी विद्यार्थिनी, पेशी वाढवायला मीच शिकवलं हिला. सगळे हसले, तीही हसली. तिनं त्यांना शेवटच्या स्लाइडपर्यंत जाऊ दिलं, एकेक पायरी चढू दिली. अध्यक्ष पद्मिनी मॅडमनी कुणाची हरकत आहे का विचारलं, तेव्हा तिनं हात वर केला.

"सर, पेशींवरचा द्रव केव्हा काढलात?"

सरांनी पडद्याकडे पाहिलं. मग पाण्याच्या ग्लासाकडे. शरयूनं सगळं समजावून सांगितलं, शांतपणे, त्यांच्याइतक्याच मऊ आवाजात. मॅडमनी लॅपटॉप मिटला. ट्रायल थांबली.

कॉरिडॉरमध्ये सरांनी तिला गाठलं. चेहरा राखेसारखा झालेला.

"अगं, फोनवर विचारलं होतं तुला. तेव्हा दिसलं नव्हतं?"

"पहिल्याच फोटोत दिसलं होतं, सर. पण मला तुम्हाला चारचौघांत पडताना बघायचं होतं."