सहा मीटरचं आतडं

अंध मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी लेक एका रविवारी आईसमोर पुस्तक घेऊन बसली. "मुलींना फळ्यावरच्या आकृतीचा काय उपयोग? हाताला लागेल असं शरीर हवंय. शिवशील?"

आईने तीस वर्षं इस्पितळाच्या शिवणखात्यात ऑपरेशनचे गाऊन शिवले होते. गाऊनच्या आत काय असतं, ते मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं. "माप सांग," ती म्हणाली.

लेक सांगत गेली, आई कापत गेली. काळीज मुठीएवढं. फुप्फुसांचे कप्पे उजवीकडे तीन, डावीकडे दोन. "दोन्ही बाह्या सारख्या नकोत का?" आईने विचारलं. काळजाला जागा लागते म्हणून डावं लहान, हे कळल्यावर तिने पुन्हा कात्री घेतली. लहान आतडं सहा मीटर म्हटल्यावर मात्र ती थांबली. "एवढ्यात एक अख्खी साडी होईल गं." तरी तिने मऊ सुती कापडाची नळी शिवली, कापूस भरला, घड्या घातल्या आणि ती पोटात बरोबर बसवली. सगळे अवयव एका ॲप्रनवर बटणांनी लावायचे होते. शेवटचं बटण वर्गाला निघायच्या अर्धा तास आधी लागलं, आणि आईही लेकीबरोबर शाळेत गेली.

वर्गात सगळ्यांत धीट मुलीने ॲप्रन घातला आणि वरून खाली हात फिरवत आली. बरगड्यांखाली तिचा हात अडला.

"बाई, यकृत उजवीकडे म्हणालात ना? माझं डावीकडे आहे."

लेकीने पाहिलं. छातीचे अवयव तिने स्वतः लावून दिले होते; पोटातल्यांची बटणं मात्र आईने ॲप्रन टेबलावर समोर ठेवून लावली होती. तिच्या उजव्या हाताला जे आलं, ते घालणाऱ्याच्या डावीकडे गेलं होतं. जठरही तसंच उलट. आईचा चेहरा उतरला. पण दुसऱ्याच क्षणी तिने पिशवीतून सुई-दोरा काढला. "उभी राहा बाळ, हलू नकोस," म्हणत तिने तिथेच बटणं उसवली आणि यकृत आणि जठराच्या जागा बदलून पुन्हा टाचली. मुली भोवती गोळा झाल्या. काळीज कुठे, मूत्रपिंडं पाठीकडे का, असं विचारत राहिल्या, आणि आई शिवता शिवता उत्तरं देत राहिली. लेक फळ्याला टेकून ऐकत होती. तिला एकदाही मध्ये बोलावं लागलं नाही.

महिन्याभराने तपासणीला साहेब आले. त्याच मुलीने ॲप्रनवरून घास तोंडापासून मोठ्या आतड्यापर्यंत नेऊन दाखवला, एकही टप्पा न चुकता.

"कोणी केलं हे?" साहेबांनी विचारलं.

"आमच्या शिवणाऱ्या आजींनी," मुलगी म्हणाली. "त्यांना अख्खं शरीर पाठ आहे. चुकलं तर उसवून नीट करतात."

लेकीने मुद्दाम बोलावलेली आई मागच्या बाकावर ताठ बसली होती. लेकीने तिच्याकडे हात दाखवला आणि साहेबांनी वळून नमस्कार केला, तेव्हा तिने मान खाली घातली नाही.